पाऊस संपल्यावर ठाण्यातलं घर विकायचंय : आधी कशावर खर्च करावा?

पाचपाखाडीकर
नमस्कार मंडळी. पाचपाखाडीतलं आमचं दोन बेडरूमचं घर दिवाळीच्या आसपास विकायला काढायचा विचार आहे. इमारत २५ वर्षांची, ७ मजली, आमचं घर चौथ्या मजल्यावर. आई-बाबा पुण्याला भावाकडे राहायला गेले, त्यामुळे घर बरेच महिने बंद आहे.

अवस्था अशी. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीखाली ओल आणि रंगाचे पोपडे. मोठ्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पांढरा खार फुललेला. खालच्या काकू सांगतात की त्यांच्या बाथरूमच्या छताला डाग पडलाय. बाल्कनी फार पूर्वी आत घेतलेली. दार उघडलं की कुबट वास येतो.

एजंट म्हणतो, "दोन हात रंग मारून घ्या, एवढं कोण बघतं!" भाऊ म्हणतो, किचन मॉड्युलर करू, चार पैसे जास्त येतील. मला दोन्ही पटत नाही. जो कोणी हे घर घेईल तो आयुष्याची कमाई त्यात घालणार. त्याला फसवायचं नाही, आणि आपणही घर मातीमोल भावात द्यायचं नाही. कुठून सुरुवात करू?

लेव्हलबॉटल
पाचपाखाडीकर, ठाणे आणि नवी मुंबईत इमारत दुरुस्तीचीच कामं करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रंगाला सगळ्यात शेवटी हात लावा. ओल्या भिंतीवर चढवलेला रंग पुढच्या पावसापर्यंतही धड टिकत नाही. आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, रंगाखाली फुगे येतात, फुगे फुटले की पोपडे. तुमच्या घरात ओल तीन ठिकाणी आहे आणि माझ्या अंदाजाने तिची कारणं दोन वेगळी आहेत. आधी ती वेगळी करा.

पश्चिमेच्या भिंतीची ओल पावसाच्या माऱ्याची असणार. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती सगळ्यात जास्त सोसतात. अशी ओल पावसात वाढते आणि डिसेंबरपर्यंत आपोआप सुकते. खिडकीखालीच असेल तर बाहेरच्या प्लास्टरला नावं ठेवण्याआधी खिडकी तपासा. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं असतात. धूळ आणि कबुतरांची पिसं अडकून ती बुजली की पट्टीत पाणी साचतं आणि आतल्या बाजूने भिंतीत उतरतं. जुना टूथब्रश आणि तार घेऊन ती मोकळी करा. मग चौकट आणि भिंत यांच्यामधला सिलिकॉन बघा, नखाने सुटत असेल तर पूर्ण काढून नवा भरायचा, जुन्यावर नवा फासायचा नाही. खिडकीच्या पाटाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, तेही पाणी ओतून बघा.

बाथरूमच्या भिंतीचा खार ही वेगळी गोष्ट. तो बारा महिने राहतो. बंद घरातही असेल, तर वापर थांबल्यावर तो कमी झाला का, हे आठवून सांगा. त्यावरून बरंच कळेल.

पाचपाखाडीकर
लेव्हलबॉटल, खूप आभार. खिडकीची भोकं कालच बघितली, सगळी बुजलेली होती. बाथरूमचा खार मात्र घर बंद असूनही कमी झालेला नाही. काकूंच्या छताचा डागही तसाच आहे, फक्त थेंब पडत नाहीत.

लेव्हलबॉटल
वापर नसताना टिकून आहे म्हणजे दोन शक्यता. एक, भिंतीतल्या बंद पाइपातून पाणी झिरपतंय. घर बंद करताना मुख्य व्हॉल्व्ह बंद केला नसेल तर पाइपात चोवीस तास पाणी असतंच. तो आता बंद करा आणि फरक बघा. प्लंबरकडे हातपंप असतो, त्याने पाइपात दाब देऊन काटा उतरतो का ते पाहता येतं. तोडफोड न करता निकाल लागतो.

दुसरी शक्यता बाथरूमच्या फरशीखालची. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंट भरतात. नहाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालच्या, थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याचा) सांधा किंवा फरशांच्या फटी गेल्या की पाणी त्या भरावात जातं, आणि तो भराव स्पंजासारखा ते धरून ठेवतो. गळती बंद केल्यानंतरही खालच्या छताचा डाग सुकायला कित्येक आठवडे लागतात, ते यामुळेच. काकूंना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर काम होऊनही "अजून ओलच आहे" म्हणून वाद होतो.

तपासणी अशी करा. व्हॉल्व्ह बंद. नहाणीचं तोंड कापड आणि प्लॅस्टिकने घट्ट बांधा, दाराच्या उंबऱ्यापर्यंत दोन-तीन बोटं पाणी भरा, पातळीची खूण करा आणि चोवीस तास थांबा. आधी काकूंच्या छताचा फोटो घ्या, नंतर पुन्हा घ्या. पाणी उतरलं आणि डाग गडद झाला तर फरशी किंवा तिच्याखालचा थर गेलाय. पाणी उतरलं नाही, पण नहाणी उघडून बादल्या ओतल्यावर डाग वाढला, तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. हे वेगळं कळणं फार महत्त्वाचं आहे. ट्रॅपभोवतीचं काम थोडक्यात होतं, सगळी फरशी उखडणं मोठा खर्च.

हॉलच्या भिंतीसाठी आणखी एक सोपी चाचणी. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातरुमालाएवढा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशी दवबिंदू आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा आहे, त्याला कोरड्या दिवशी खिडक्या उघडणं हाच उपाय.

खारघरकर_नवे
मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण नुकतंच खारघरमध्ये घर घेतलं. घरं मुद्दाम भर पावसात बघायला जायचो. बरोबर टॉर्च असायचा. तो भिंतीला समांतर धरला की पुट्टीचा नवा पॅच लगेच उठून दिसतो. सगळं घर जुनं आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर पहिली शंका तिथेच. सगळे नळ एकदम सोडून दाब बघायचो, फ्लश करून बघायचो, सिंकखालचं कपाट उघडून हात फिरवायचो.

शेवटी जे घर घेतलं, त्याच्या मालकांनी स्वतःहून सांगितलं, "इथे गळत होतं, या वर्षी हे काम केलं, हे बिल, हे कामाचे फोटो." खरं सांगतो, त्या एका फाइलमुळे आमचा घासाघीस करायचा हातच आखडला. एजंट म्हणतो की कोणी बघत नाही, पण आम्ही सगळं बघत होतो.

अबोली
मला दादांच्या भावाचं अगदीच चुकीचं वाटत नाही. घरात शिरल्यावर बाईमाणूस आधी ओट्याकडे बघतं. कळकट किचन बघून मन उडतं.

नेरूळची_माई
अबोली, ओट्याकडे बघतात हे खरं. पण नवीन मॉड्युलर करून पैसे वसूल होतील असं मला वाटत नाही गं. घेणारी तिच्या सोयीने सगळं बदलते. कोणाला गॅस पूर्वेला हवा, कोणाला डिशवॉशरची जागा हवी. आमच्या शेजारच्या घरात नवंकोरं किचन नवीन लोकांनी आल्या आल्या काढून टाकलं.

त्यापेक्षा हे करा : ट्रॉल्यांच्या बिजागऱ्या आणि चॅनेल बदला, दारं सरळ बसली पाहिजेत. ओटा आणि भिंतीच्या टाइल्समधली काळी पडलेली फट खरवडून नव्याने भरा. ग्रॅनाइटला पॉलिश. सिंकचा खालचा लवचिक पाइप नवा. चिमणीची जाळी गरम पाणी, सोडा आणि भांड्यांच्या साबणात भिजवून काढा. एक्झॉस्टचं पातं पुसा. एवढ्यात किचन हसायला लागतं.

आता कुबट वासाबद्दल, कारण बंद घर सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मुलगी परदेशी, तिचं सीवूड्सचं घर मीच बघते. वास दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे नहाणी. ट्रॅपमध्ये जे पाणी राहतं तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते वाळतं आणि वाट मोकळी होते. दर दोन आठवड्यांनी कोणीतरी जाऊन प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये पाणी ओतावं. जास्त दिवस जाणं होणार नसेल तर वरून चमचाभर खोबरेल किंवा कुठलंही तेल सोडायचं. तेलाचा थर पाण्याची वाफ होऊ देत नाही.

दुसरी जागा कपाटं आणि गाद्या. कपाटांची दारं बोटभर उघडी ठेवायची, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं. वाटीत कळीचा चुना ठेवला की तो हवेतला ओलावा ओढतो. विझवलेला चुना नाही, कळीचा. मात्र त्याला ओला हात लावायचा नाही, लहान मुलांपासून लांब ठेवायचा. फ्रिज बंद असेल तर दार किंचित उघडं. पावसात खिडक्या उघडून हवा खेळवायला जाऊ नका, आणखी दमट होतं. ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी दुपारी उघडा.

वास लपवायला उदबत्त्या, फवारे नकोत. घर बघायला आलेल्या माणसाला उग्र सुगंध आला की तो आणखी खोलात वास घेतो.

लेव्हलबॉटल
माई, तेलाचं अगदी बरोबर.

पाचपाखाडीकर, आता वेळेचं गणित मांडतो. चाचण्या आत्ता, सप्टेंबरअखेरपर्यंत. बाथरूमची फरशी उघडावी लागलीच तर भराव पूर्ण काढायला लावा. वरवर लेप मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. पाइप बदलून, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन थर, ते भिंतीवर फूटभर वर चढवलेले, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. मग टाइल्स लावण्याआधी पुन्हा पाणी भरून दोन दिवस चाचणी. ही चाचणी कंत्राटात लिहून घ्या आणि तिच्याआधी शेवटचा हप्ता देऊ नका. टाइल्सच्या सांध्यात साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरा. थोडं महाग पडतं, पण पाणी पीत नाही.

बाथरूमबाहेरच्या भिंतीचा खार पाण्याने धुवायचा नाही. तो पाण्यात विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा. जिथे प्लास्टर पोकळ वाजतं तिथे विटेपर्यंत काढा आणि उघडं राहू द्या. ऑक्टोबरची तलखी इथे कामी येते, भिंतीला सुकायला याहून चांगला महिना नाही. नवीन सिमेंट प्लास्टरला निदान ७ दिवस पाणी मारायचं, आणि रंगाआधी २८ दिवस जाऊ द्यायचे. ओलीच्या भिंतीला पीओपी किंवा जिप्सम अजिबात नको, ते ओलाव्याने मऊ पडतं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, प्रायमर, मग रंगाचे दोन हात.

हे सगळं जोडलं तर घर दिवाळीत तयार होणार नाही, दिवाळीनंतर होईल. माझं मत विचाराल तर थांबा. गणपतीनंतर पितृपक्ष येतो, त्यात बहुतेक लोक घराचा विषयच काढत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा कोरडी, उजेड स्वच्छ, आणि जूनच्या शाळाप्रवेशांचा विचार करणारे लोक तेव्हाच बाहेर पडतात.

वाशीकर_जुने
आमची सिडकोची जुनी इमारत, खाडीपासून जवळ. इथे ओलीपेक्षा गंज जास्त खातो. बाथरूमच्या छताचा तुकडा पडून सळई उघडी पडली आहे. प्लास्टर मारून घर विकता येईल का?

लेव्हलबॉटल
नाही, कृपया तसं करू नका. हे दिसण्यापुरतं नाही, कोणाच्या तरी डोक्यावर पडेल. खाडीजवळच्या हवेतले क्षार आणि ओल सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. वर नुसतं प्लास्टर थापलं तर आत गंज चालूच राहतो आणि पुढचा तुकडा आणखी मोठा पडतो. सुटं काँक्रीट हातोड्याने काढून, सळई ब्रशने लख्ख घासून, गंजरोधक लावून, मग पॉलिमर मॉर्टर, ही क्रमवारी हवी. सळई फारच बारीक झाली असेल तर जोड सळई द्यावी लागते, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून ठरवायचं. आणि ते छत म्हणजे तुमच्या वरच्या घराचं बाथरूम, तेव्हा पाणी तिथून थांबल्याशिवाय तुमची दुरुस्ती टिकणार नाही.

चिटणीस
घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा सचिव म्हणून अनेक विक्रीव्यवहार जवळून बघितले आहेत. कोणाचा खर्च कोणी करायचा, यावरूनच निम्मी भांडणं होतात. आदर्श उपविधींत (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांत) ते स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची गळती, गच्चीतून गळून खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत, हे सोसायटीच्या खर्चाने. घरातल्या संडास, बाथरूम, सिंकमुळे होणारी गळती त्या सदस्याने स्वतःच्या खर्चाने करायची.

म्हणजे पाचपाखाडीकर, खिडकी दुरुस्त करूनही पश्चिमेची भिंत ओली राहिली आणि बाहेर भेग दिसली, तर फोटो जोडून सोसायटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं बैठकीत टिकत नाही. काकूंच्या छताचं मात्र तुमच्याकडे. तेही विक्रीआधीच मिटवा, कारण घेणारा शेजाऱ्यांशी बोलतो, आणि बोललाच पाहिजे.

इमारत २५ वर्षांची, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, प्रश्न येणार. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. शेवटच्या अहवालाची प्रत मागून घ्या. घेणाऱ्याच्या हातात ती देता आली तर निम्मे प्रश्न गळून पडतात.

आत घेतलेली बाल्कनी. फाइलमध्ये जुन्या परवानगीचा कागद शोधा. शुल्क भरून, पालिकेची परवानगी घेऊन बंद केलेल्या बाल्कन्या बऱ्याच आहेत. कागद सापडला तर उत्तम. नसेल तर ते लपवू नका, कारण बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशाशी ताडून बघतो आणि घेणाऱ्याचं कर्ज ऐन वेळी अडकतं. मधली भिंत पाडून खोल्या मोठ्या केल्या असतील तर तेही तसंच.

कामाला सुरुवात करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा, लिफ्ट वापरायचे नियम विचारा. आणि डेब्रिज नेणारा ते कुठे टाकतो हे स्वतः खात्री करून बघा. रात्री टेम्पो भरून खाडीकाठच्या खारफुटीत ओतणारे आहेत. आपल्या बाथरूमचा राडारोडा तिथे जाऊ देऊ नका.

अबोली
चिटणीस काका, घर विकायला सोसायटीची एनओसी लागते म्हणून आमच्याकडे सहा महिने थांबवून ठेवलं होतं. आणि ट्रान्सफरसाठी मोठी देणगी मागितली होती.

चिटणीस
ताई, उपविधींनुसार हस्तांतरणाला सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची सक्ती नाही. विकायचं आहे अशी १५ दिवसांची सूचना सोसायटीला द्यायची असते. बँक दाखला मागते म्हणून आपण अर्ज करतो, आणि समितीने त्यावर महिन्याभरात निर्णय द्यायचा असतो. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर फी, जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर "स्वेच्छेने" म्हणून देणगी मागता येत नाही.

नवी मुंबईकरांना एक जादा पायरी आहे. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने तिथल्या बहुतेक घरांना सिडकोची हस्तांतरण परवानगी आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार हे टोकन घेण्याआधी ठरवा.

फेज_न्यूट्रल
विजेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वायरिंगचीच कामं करतो.

२५ वर्षांच्या घरात बोर्ड चकचकीत बदलतात आणि आतली वायर तीच राहते. आधी मेन बोर्ड उघडून घ्या. ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का? असेल तर त्यावरचं टेस्ट बटण दाबा. लगेच ट्रिप झाला पाहिजे. झाला नाही तर तो आजच बदला, विक्रीसाठी म्हणून नाही, तिथे जाणाऱ्या माणसांसाठी. ३० मिलिअँपिअरचा घ्या. नसेल तर बसवा. गीझर आणि एसी स्वतंत्र वायरवर, स्वतंत्र एमसीबीवर हवेत. अर्थिंग टेस्टरने तपासून घ्या. ओल आलेल्या भिंतीतला सॉकेट हात लावण्याआधी बंद करा, तिथे करंट उतरतो.

गीझर जुना असेल तर आतला अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) संपलेला असतो, पाणी लालसर येतं. सर्व्हिसिंग करा. एसीचं ड्रेनचं पाणी बाहेरच्या भिंतीवर ओघळत असेल तर पाइप लांबवा. हॉलच्या ओलीचं एक कारण तेही असू शकतं, पाचपाखाडीकर, तुमच्या किंवा वरच्यांच्या एसीचा पाइप कुठे सुटतो ते बघा.

दिव्यांचं : एका खोलीत सगळे दिवे एकाच रंगाचे लावा, एक पिवळा एक पांढरा असं नको. बंद पडलेला एकही दिवा ठेवू नका. माणूस मनात म्हणतो, दिवा बदलला नाही, मग बाकीचं काय सांभाळलं असेल?

कासारवडवली_वरून
आमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी येतं. नळांवर, काचेवर, टाइल्सवर पांढरे थर चढतात आणि सगळं घर जुनाट दिसतं. अ‍ॅसिडने घासलं तर जातं का?

नेरूळची_माई
बाळा, अ‍ॅसिड नको. टाइल्सची झिलई जाते, सांध्यांचं सिमेंट खाल्लं जातं, नळाचं क्रोमही उडतं. संगमरवराला तर लिंबूसुद्धा लावायचं नाही, डाग कायमचा पडतो. साध्या टाइल्स आणि नळांवर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेव, मग घास आणि भरपूर पाण्याने धू. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढ, व्हिनेगरमध्ये बुडव. धार बारीक झाली म्हणून लोक पाण्याच्या दाबाला दोष देतात, पण बऱ्याचदा ती जाळीच भरलेली असते.

फ्लशची टाकी गळते का ते बघायचं असेल तर टाकीत हळद कालव आणि अर्धा तास फ्लश करू नकोस. खाली भांड्यात पिवळं दिसलं तर आतलं रबर गेलं.

खारघरकर_नवे
घर दाखवण्याच्या वेळेबद्दल एक. सोसायटीत पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर त्याच वेळी दाखवा, किंवा टाकी भरलेली असल्याची खात्री करा. एका घरात नळ कोरडा निघाला आणि बायकोने तिथूनच पाय मागे घेतला. पश्चिमेचं घर दुपारी तीनला दाखवू नका, सकाळी दाखवा. पण कोणी पुन्हा दुपारी येऊन बघतो म्हणाला तर नाही म्हणू नका.

माळ्यावरचं सामान उतरवा. माळा रिकामा दिसला की घर मोठं वाटतं, आणि वाळवीच्या मातीच्या रेघा असतील तर त्याही आधी तुम्हालाच दिसतील. दाराच्या चौकटी खालच्या बाजूला बोटाने दाबून बघा.

पाचपाखाडीकर
पाण्याची चाचणी झाली. नहाणी बांधून भरलेलं पाणी उतरलं नाही. नहाणी उघडून बादल्या ओतल्यावर काकूंच्या छताचा डाग दुसऱ्या दिवशी गडद झाला. म्हणजे ट्रॅप किंवा पुढचा पाइप. भिंतीतल्या पाइपाचा दाब टिकला. माळ्यावर चौकटीपाशी वाळवीची बारीक रेघ निघाली, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंय. भावाला किचनचं समजावलं, तो तयार झाला. बाल्कनीच्या परवानगीचा कागद बाबांच्या जुन्या पेटीत मिळाला, पावतीसकट!

आता कागदांबद्दल. घर आई-बाबा दोघांच्या नावावर आहे. एजंट सगळ्या कागदांची मूळ प्रत मागतोय.

चिटणीस
मूळ प्रत कोणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या आणि प्रत्येक पानावर आडवं लिहा, "फक्त अमुक घराच्या विक्रीसाठी", तारीख आणि सही. मूळ कागद घेणाऱ्याला किंवा त्याच्या बँकेला तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायचे.

फाइलमध्ये हे हवं : बिल्डरपासूनच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कर आणि देखभालीच्या शेवटच्या पावत्या, कर्ज फेडलं असेल तर बँकेचा ना-देय दाखला. त्याला आता जोडा बाल्कनीची परवानगी, प्लंबरचं बिल, वाळवीच्या फवारणीची हमी, ऑडिटची प्रत, चाचणीचे फोटो तारखेसह. काकूंकडून गळती थांबल्याचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर तेही.

किंमत ५० लाखांच्या वर जाणारच. घेणाऱ्याने त्यातून १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. दोन्ही पालकांचं पॅन आधारला जोडलेलं आहे ना, हे आत्ताच बघा. नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. ज्येष्ठांना हे ऐन नोंदणीच्या दिवशी कळलं तर फार मनस्ताप होतो. दोघांना पुण्याहून वारंवार येणं जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्राबद्दल वकिलाशी बोला. ते नोंदणीकृत असू द्या, आणि घेणाऱ्याच्या बँकेला चालेल का ते आधी विचारा.

लेव्हलबॉटल
चांगली बातमी. ट्रॅपचंच असेल तर सगळी फरशी उखडायची गरज नाही. ट्रॅपभोवतीच्या फरश्या काढून, ट्रॅप आणि बाहेरच्या पाइपाला जोडणारा तुकडा नवा बसवून, सांध्याभोवती आकसत नाही असं मॉर्टर भरायचं. मग हीच चाचणी पुन्हा, या वेळी नहाणी उघडी ठेवून. जुन्या रंगाच्या फरश्या बाजारात मिळाल्या नाहीत तर जबरदस्तीने जुळवत बसू नका, ट्रॅपभोवती वेगळ्या रंगाचा नीट चौकोन करा. तो दुरुस्ती म्हणून दिसला तरी चालेल, काम स्वच्छ असलं पाहिजे.

भिंतीचं प्लास्टर काकूंचा डाग फिकट व्हायला लागल्यावरच काढा. आणि रंगवताना फक्त तेवढा पट्टा रंगवू नका, भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण घ्या.

अबोली
वीज आणि गॅसचं नाव बदलणं विक्रीनंतर की आधी?

फेज_न्यूट्रल
ताई, नोंदणी झाल्यावर. इंडेक्स टू हातात आला की घेणाऱ्याने महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करायचा. तुमच्याकडून शेवटचं बिल भरलेलं असावं आणि ताबा देताना दोघांनी मिळून मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. अनामत रक्कम कोणाची, हे करारात एका ओळीत लिहा, नाहीतर ती विसरली जाते. पाइप गॅसचंही तसंच, मीटरचा फोटो आणि शेवटचं बिल. किल्ली देण्याआधी शेगडीमागचा व्हॉल्व्ह बंद करा आणि रबरी नळीवरची तारीख बघा. मुदत संपली असेल तर नवी बसवून मगच ताबा द्या.